स्वयंचलित वाहन तपासणी केंद्र सुरू करायचंय? पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाचा क्रम

ट्रक, टेम्पो, बस किंवा रिक्षा चालवणाऱ्या प्रत्येकाला 'पासिंग' ठाऊक असतं. नव्या व्यावसायिक वाहनाला सुरुवातीला २ वर्षांचं योग्यता प्रमाणपत्र मिळतं. गाडी ८ वर्षांची होईपर्यंत ते दर २ वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी नव्याने घ्यावं लागतं. खासगी गाडीवर ही वेळ १५ वर्षांनी, नोंदणीचं नूतनीकरण करताना येते. वर्षानुवर्षं ही तपासणी आरटीओच्या मैदानावर मोटार वाहन निरीक्षक करत आले: गाडीभोवती फिरून, दिवे लावायला सांगून, थोडं अंतर पळवून ब्रेक दाबायला लावून. आता हे काम टप्प्याटप्प्याने यंत्रांकडे जात आहे आणि ती यंत्रं बसवून केंद्र चालवण्याची मुभा खासगी व्यक्तींना व कंपन्यांनाही आहे. कायद्याच्या भाषेत याला ऑटोमेटेड टेस्टिंग स्टेशन, थोडक्यात एटीएस, म्हणतात.

पीयूसी केंद्राशी याची गल्लत करू नका. पीयूसीवाला फक्त धूर मोजतो. एटीएस ब्रेकपासून स्टिअरिंगपर्यंत संपूर्ण गाडी तपासतं आणि ती रस्त्यावर राहावी की नाही, हे त्या निकालावर ठरतं. त्यामुळे जागा, भांडवल, जबाबदारी सगळंच कितीतरी मोठं आहे.

या व्यवसायात उतरू पाहणारे बहुतेक जण सुरुवात मशिनरीच्या कोटेशनपासून करतात, आणि तिथेच त्यांचा क्रम उलटा होतो. आधी स्वतःची पात्रता, मग जागा, मग प्राथमिक नोंदणी आणि त्यानंतरच यंत्रं. हा क्रम पाळला तर अर्ज भरणं फारसं अवघड नाही. मोडला तर भरलेला ॲडव्हान्स अडकतो आणि अर्ज पुढे सरकत नाही.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधलं कलम ५६ योग्यता प्रमाणपत्राचं आहे. २०१९ च्या दुरुस्तीने त्यात स्वयंचलित केंद्रांची तरतूद आली. पुढे २३ सप्टेंबर २०२१ रोजी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये या केंद्रांची मान्यता, नियमन आणि नियंत्रण यांचे नियम घातले. नियम १७५ हा त्यातला नोंदणीचा गाभा. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्यांत महत्त्वाच्या सुधारणा झाल्या. एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यातल्या केंद्रात तपासता येऊ लागली आणि इलेक्ट्रिक वाहनांच्या तपासणीची साधनंही नियमांत आली. अर्ज करताना २०२१ ची मूळ अधिसूचना आणि त्यानंतरच्या सगळ्या दुरुस्त्या राजपत्रातूनच वाचा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या 'एटीएस नियम' नावाच्या पीडीएफमध्ये बऱ्याचदा जुनाच मसुदा असतो.

आणखी एक गोष्ट धंद्याचं गणित मांडताना ध्यानात असू द्या. व्यावसायिक वाहनांची तपासणी फक्त अशा केंद्रातच करण्याची सक्ती केंद्र सरकारने जाहीर केली, पण तिच्या तारखा एकाहून जास्त वेळा पुढे गेल्या. त्यामुळे पहिल्या महिन्यापासून रांगा लागतील, असं धरून कर्जाचे हप्ते बांधू नयेत.

कोण अर्ज करू शकतो

एकटी व्यक्ती, कंपनी, संस्था, व्यक्तींचा समूह, या कामासाठी उभारलेली विशेष कंपनी किंवा खुद्द राज्य सरकार, यांपैकी कोणीही केंद्राचं मालक वा चालक होऊ शकतं. पॅन आणि जीएसटी नोंदणी हवी. मागच्या आर्थिक वर्षाचं किमान ३ कोटी रुपयांचं नेटवर्थ हवं आणि त्याला सनदी लेखापालाचा दाखला लागतो.

नेटवर्थ म्हणजे उलाढाल नव्हे. वर्षाला ५ कोटींचा धंदा करणाऱ्याचं नेटवर्थ ८० लाखही असू शकतं. एकूण मालमत्तेतून एकूण देणी वजा केल्यावर उरतं ते नेटवर्थ. त्यामुळे जमीन गहाण ठेवून कर्ज काढलं असेल, तर त्या जमिनीची पूर्ण किंमत मोजून समाधान मानू नका. अर्ज नव्या कंपनीच्या नावाने करणार असाल, तर भांडवल त्या कंपनीत दिसलं पाहिजे. संचालकाच्या वैयक्तिक खात्यातला पैसा कंपनीचा ठरत नाही. सीएच्या दाखल्यावर यूडीआयएन क्रमांक (दाखला खरा आहे का, हे पडताळण्याचा विशिष्ट क्रमांक) आहे ना, ते तिथल्या तिथे पाहून घ्या.

दुसरी अट पैशाची नाही, पण माझ्या मते सर्वांत महत्त्वाची तीच आहे. केंद्र चालवणाऱ्याने फक्त तपासणीच करायची. गाडी दुरुस्ती, गाड्यांचं उत्पादन वा विक्री, सुट्या भागांची विक्री यांतलं काहीही करायचं नाही. म्हणजे सगळ्यात जास्त अनुभव ज्यांच्या गाठीशी आहे, ते गॅरेजवाले, डीलर आणि स्पेअर पार्टवाले, आहे तो धंदा ठेवून यात येऊ शकत नाहीत. ऐकायला हे कठोर वाटतं, पण अट अगदी रास्त आहे. जो ब्रेक नापास करणार तोच ब्रेक दुरुस्त करून देणार असेल, तर निकालावर कोण विश्वास ठेवेल? गाडीमालकाला 'समोरच करून घ्या, लगेच पास होईल' असं एकदा जरी सांगितलं गेलं, तरी या व्यवस्थेचा अर्थच संपतो.

इथे पळवाट शोधणारे असतात. गॅरेज भावाच्या नावावर, केंद्र आपल्या नावावर, मधे फक्त एक भिंत. असा बेत असेल तर तो आत्ताच सोडून द्या. पत्ता, वीजमीटर, भागीदारांची नावं, कामगारांचे पगार यांतून नातं उघड व्हायला वेळ लागत नाही, आणि नोंदणी मिळाल्यानंतर ते उघडकीला आलं तर गेलेली गुंतवणूक कोट्यवधींची असते. ज्यांच्याकडे खरंच गॅरेज आहे, त्यांनी आधी त्या व्यवसायातून पूर्ण बाहेर पडावं. भागीदारी संपवल्याची कागदपत्रं आणि परवाने रद्द केल्याचे दाखले हाताशी ठेवावेत.

माहितीची गोपनीयता राखणंही केंद्रावर बंधनकारक आहे. कोणाची गाडी कशात नापास झाली, ही यादी विमा एजंटाला किंवा जुन्या गाड्यांच्या दलालाला देता येत नाही.

जागा

जागेची गरज कोणत्या प्रकारच्या वाहनांसाठी किती लेन, म्हणजे ओळीने मांडलेल्या तपासणी यंत्रांच्या मार्गिका, काढणार, त्यावर ठरते. दुचाकी-तीनचाकीची लेन आटोपशीर असते. अवजड वाहनांच्या लेनसाठी मात्र लांबलचक शेड लागते, कारण ट्रक एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर सरळ रेषेत पुढे जातो, वळत नाही. शेडपेक्षाही बाहेरची जागा फसवते. गाड्या येऊन थांबायला, वळायला आणि तपासणी झालेल्या गाड्या वेगळ्या दाराने बाहेर पडायला वाव हवा. लांब कंटेनर ज्या रस्त्यावरून आत वळूच शकत नाही, तो भूखंड स्वस्त मिळाला तरी उपयोगाचा नाही.

महाराष्ट्रात जागेची कागदपत्रं गोळा करताना सातबारा किंवा मालमत्ता पत्रकापासून सुरुवात करा. शेतजमीन असेल तर अकृषिक वापराचा प्रश्न आधी सोडवावा लागतो. झोन दाखला काढून त्या पट्ट्यात असा वापर चालतो का, हे नियोजन प्राधिकरणाकडून पाहून घ्या. भाड्याची जागा चालते, पण करार नोंदणीकृत हवा. नोंदणी अधिनियम, १९०८ प्रमाणे एका वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी तशीही सक्तीची आहे. करार ११ महिन्यांचा करून दरवेळी वाढवण्याची सवय इथे सोडा. कोट्यवधींची यंत्रं जमिनीत पाया खोदून बसवायची असतात, तेव्हा मुदतही त्याच मापाची हवी. पाया खणण्याची आणि बांधकामाची परवानगी मालकाने करारातच स्पष्ट शब्दांत द्यायला हवी.

जमीन वडिलोपार्जित असेल तर सातबाऱ्यावरची सगळी नावं नीट वाचा. आजोबांच्या नावापुढे वारसांची नोंद झालेली नसते, बहिणींची नावं राहिलेली असतात, इतर हक्कात सोसायटीचा बोजा दिसतो. अशा वेळी फेरफार पूर्ण करून मगच अर्जाकडे वळावं. तलाठ्याकडचं हे काम पोर्टलवरच्या सगळ्या कामांपेक्षा जास्त वेळ घेतं.

कागदपत्रं आणि अर्ज

अर्ज केंद्र सरकारच्या नॅशनल सिंगल विंडो सिस्टीम या पोर्टलवर ऑनलाइन करायचा असतो. नोंदणी देणारा अधिकारी मात्र राज्याचा असतो, परिवहन आयुक्तांपेक्षा खालच्या दर्जाचा नाही. म्हणजे तुमच्या गावातलं आरटीओ कार्यालय ही नोंदणी देऊ शकत नाही, आणि 'आतून करून देतो' म्हणणाऱ्याच्या हातातही काही नसतं.

अर्जदाराची ओळख आणि पत्ता, संस्थेची घटना वा नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, जीएसटी, नेटवर्थचा दाखला, जागेची मालकी वा भाडेकरार आणि केंद्राचा आराखडा ही मुख्य कागदपत्रं. कंपनीच्या वतीने एकच जण सही करणार असेल तर संचालक मंडळाचा ठराव जोडा. सोबत शुल्क आणि बँक हमीच्या रूपात सुरक्षा अनामत असते. आराखड्यात कोणत्या लेनमध्ये कोणतं यंत्र कुठे, गाडी कुठून येणार, कुठून जाणार, तपासणीचा खड्डा कुठे, कार्यालय आणि प्रतीक्षा कक्ष कुठे हे मापांसह दिसायला हवं. हाताने काढलेला अंदाजी नकाशा देऊ नका. वास्तुविशारदाकडून करून घ्या.

सगळ्या कागदांवर नाव एकसारखं हवं. पॅनवर 'प्रायव्हेट लिमिटेड', भाडेकरारात 'प्रा. लि.' आणि वीजबिलावर जुन्या मालकाचं नाव, असल्या किरकोळ फरकांनी त्रुटी निघते आणि फाइल मागे येते. स्कॅन करण्याआधी सगळे कागद टेबलावर शेजारी शेजारी मांडून नाव, पत्ता आणि गट क्रमांक ताडून पाहा.

छाननी समाधानकारक झाली की प्राथमिक नोंदणी मिळते. तिचा अर्थ एवढाच की उभारणीला हरकत नाही. तिच्यावर एकही गाडी तपासता येत नाही. यानंतर बांधकाम, यंत्रं, सॉफ्टवेअर, माणसं हे सगळं उभं करायचं आणि तयार झाल्याचं कळवून प्रत्यक्ष पाहणी मागायची. पाहणीत नियमाप्रमाणे सगळं आढळलं की अंतिम नोंदणी होते. वीज, अग्निशमन, स्थानिक संस्था आणि दुकाने-आस्थापना नोंदणी ही कामं या मधल्या काळात उरका. महाराष्ट्रात २० किंवा अधिक कामगार असतील तर दुकाने-आस्थापना कायद्याखाली नोंदणी लागते; त्याहून कमी असतील तर ऑनलाइन सूचना पुरते.

यंत्रं आणि माणसं

रोलर ब्रेक टेस्टर, साइड स्लिप टेस्टर, सस्पेन्शन टेस्टर, स्पीडोमीटर टेस्टर, हेडलाइट टेस्टर, ॲक्सल प्ले डिटेक्टर, धूर मोजणारी यंत्रं, आवाजमापक. यादी मोठी आहे आणि कोणत्या वाहनाला काय लागू, हे नियमांतच दिलं आहे. ब्रेकचं यंत्र समजून घेतलं तर बाकी सगळ्यांमागचा विचार कळतो. गाडीची एका ॲक्सलची चाकं फिरत्या रोलरवर येतात, चालक हळूहळू ब्रेक दाबतो आणि डाव्या व उजव्या चाकाला किती बल मिळतं, ते यंत्र वेगवेगळं मोजतं. दोन्ही बाजूंत फरक जास्त असेल तर जोरात ब्रेक लावल्यावर गाडी एका बाजूला खेचली जाते. मैदानावर २० फूट पळवून ही गोष्ट कितीही अनुभवी निरीक्षकाला आकड्यात सांगता येत नाही. घाटात ब्रेक निकामी होऊन दरीत गेलेल्या गाड्यांच्या बातम्या आपण वाचतो, म्हणून हे यंत्र नीट चालणं मला फार मोलाचं वाटतं.

मोजलेला आकडा यंत्राकडून थेट सर्व्हरवर जातो. मधे कोणी तो लिहून घेत नाही आणि बदलूही शकत नाही, तशी रचना असणं बंधनकारक आहे. रिफ्लेक्टर, वायपर, सीट बेल्ट, मागची संरक्षक पट्टी यांसारख्या डोळ्यांनी पाहायच्या गोष्टींची नोंदही फोटोसह प्रणालीतच होते. त्यामुळे यंत्र घेताना विक्रेत्याला विचारायचा पहिला प्रश्न किमतीचा नको. ते भारतीय नियमांतल्या तपशिलाप्रमाणे प्रमाणित आहे का, गाड्यांच्या नोंदणीच्या सरकारी 'वाहन' प्रणालीशी जोडलं जातं का आणि कॅलिब्रेशन, म्हणजे यंत्र बरोबर मोजतंय ना हे तपासून ते जुळवणं, कोण, किती दिवसांत करून देणार, हे लेखी घ्या. इंटरनेटची दुसरी जोडणी आणि जनरेटर या चैनीच्या वस्तू नव्हेत. वीज किंवा जोडणी गेली की लेन थांबते.

माणसांमध्ये केंद्रप्रमुख, लेन पर्यवेक्षक, यंत्रचालक, संगणक प्रणाली सांभाळणारा आणि गाड्या लेनमधून नेणारे चालक लागतात. तांत्रिक पदांवर ऑटोमोबाइल वा मेकॅनिकलचं आयटीआय, पदविका किंवा पदवी असलेले उमेदवार शोधा. चालकांकडे त्या त्या प्रकारच्या वाहनाचा परवाना हवाच. पैसे गुंतवण्यापूर्वी नाशिकचं केंद्र पाहून या. केंद्र सरकारच्या आदर्श तपासणी केंद्रांच्या योजनेतलं ते महाराष्ट्रातलं केंद्र आहे आणि लेनची लांबी, गाड्यांची गर्दी, खड्ड्यात काम करणारी माणसं हे कागदावर कळत नाही.

नोंदणी मिळाल्यावर

गाडीमालक ऑनलाइन वेळ घेऊन येतो. रांगेबाहेरून ओळखीची गाडी आत घ्यायची सोय नाही. नापास झालेल्या गाडीच्या मालकाला ठरलेलं शुल्क भरून फेरतपासणी मागता येते आणि निकाल मान्य नसेल तर अपीलही करता येतं, म्हणून प्रत्येक तपासणीची नोंद आणि सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावं. केंद्राचं ठरावीक काळाने लेखापरीक्षण होतं, शिवाय अचानक पाहणीही होऊ शकते. कॅलिब्रेशनची मुदत संपलेलं एक यंत्र सापडलं तरी त्यावर झालेल्या सगळ्या निकालांबद्दल विचारणा होते. तारखांचा तक्ता भिंतीवर लावा आणि त्याची जबाबदारी एका माणसाकडे नावानिशी द्या.

नियमभंग आढळला तर आधी कारणे दाखवा नोटीस येते, म्हणणं मांडायची संधी मिळते आणि त्यानंतर निलंबन किंवा रद्द करण्याचा आदेश निघू शकतो. त्याविरुद्धही अपिलाची सोय आहे. नोटिशीला उत्तर देताना वकिलाच्या भाषेपेक्षा त्या दिवसाच्या नोंदी, चित्रण आणि कॅलिब्रेशन प्रमाणपत्र जोडलेलं उत्तर जास्त कामी येतं, आणि ते मुदतीतच पोहोचलं पाहिजे.