सरकणारा सेकंदकाटा काहीच सिद्ध करत नाही

‘सेकंदकाटा टकटक उड्या मारत असेल तर घड्याळ नकली, सलग सरकत असेल तर अस्सल.’ महागड्या घड्याळांबद्दल बोलणं निघालं की हा निकष आजही छातीठोकपणे सांगितला जातो. बनावट घड्याळांत सर्रास स्वस्त क्वार्ट्झ, म्हणजे सेलवर चालणारी, यंत्रणा घालत तेव्हा त्याचा थोडाफार उपयोग होता. आता नकली रोलेक्समध्येही आपोआप किल्ली बसणारी यांत्रिक यंत्रणा असते आणि तिचाही काटा छान सरकतो. दुसरीकडे, रोलेक्सनेच १९७७ मध्ये ऑयस्टरक्वार्ट्झ बाजारात आणलं. त्याचा काटा सेकंदाला एक उडी मारतो आणि ते शंभर टक्के अस्सल आहे. १९५० च्या दशकातलं रोलेक्सचंच ट्रू-बीट तर पूर्ण यांत्रिक, तरी त्याचा काटा सेकंदाला एकच उडी मारतो. बुलोवाचं प्रिसिजनिस्ट क्वार्ट्झ असूनही त्याचा काटा सेकंदाला १६ छोटी पावलं टाकतो, म्हणजे डोळ्याला तो सलगच वाटतो.

तरीही पुरावा काट्याच्या चालीतच आहे. फक्त ‘सरकतो का’ हा प्रश्न सोडून ‘सेकंदाला किती पावलं टाकतो’ हा प्रश्न विचारायला हवा.

यांत्रिक घड्याळाचा काटा खरं तर कधीच सलग सरकत नाही. मेनस्प्रिंगमध्ये, म्हणजे किल्ली दिली की आवळल्या जाणाऱ्या स्प्रिंगमध्ये, साठवलेली ऊर्जा दातेरी चाकांमधून शेवटच्या चाकापर्यंत, म्हणजे एस्केप व्हीलपर्यंत येते. तिला मोकाट सोडलं तर सगळी चाकं गरगर फिरून स्प्रिंग बघता बघता रिकामी होईल. म्हणून एस्केप व्हीलच्या दात्यांना एक छोटा लिव्हर अडवून धरतो. या लिव्हरच्या दोन्ही टोकांना कृत्रिम माणकाचे तुकडे बसवलेले असतात. लिव्हरला हलवतं ते बॅलन्स व्हील. ते एका नाजूक हेअरस्प्रिंगच्या जोरावर पुढे-मागे झोके घेत असतं. झोका मधून जाताना बॅलन्सवरची माणकाची खुंटी लिव्हरला ढकलते, लिव्हर दाता सोडतो, आणि सुटलेला दाता लिव्हरमार्फत बॅलन्सला हलकासा धक्का देतो. झोपाळ्यावरच्या मुलाला दर खेपेला नेमक्या क्षणी ढकलावं तसं हे आहे. लगेच पुढचा दाता लिव्हरच्या दुसऱ्या टोकावर अडकतो. एक झोका, एक टिक, काट्याचं एक पाऊल. मधल्या वेळात सगळी चाकं स्तब्ध उभी असतात.

सेकंदाला किती झोके व्हायचे हे प्रत्येक यंत्रणेचं, म्हणजे कॅलिबरचं, ठरलेलं असतं आणि ते जाहीरही असतं. आज सर्वांत जास्त आढळणारा आकडा तासाला २८,८०० आहे, म्हणजे सेकंदाला ८. ईटीए २८२४ या लोकप्रिय यंत्रणेचा वेग हाच, आणि तिच्यावरून बेतलेल्या नकलांचाही हाच. पण ओमेगाचं कॅलिबर ८९०० तासाला २५,२०० झोके घेतं, म्हणजे सेकंदाला ७. झेनिथचं १९६९ चं एल प्रिमेरो ३६,००० घेतं, म्हणजे सेकंदाला १०. रोलेक्सच्या जुन्या १५७० कॅलिबरचा वेग १९,८०० होता, सेकंदाला साडेपाच. १९७७ मध्ये ३०३५ आलं तेव्हा कंपनीने तो २८,८०० वर नेला.

आता गंमत बघा. १९७० च्या दशकातली रोलेक्सची सबमरीनर १६८० कुणी तुम्हाला दाखवली, तर तिच्यात १५७० च्या कुळातलं, तारीख दाखवणारं १५७५ असायला हवं. त्याचा काटा आजच्या घड्याळाच्या मानाने जरा अडखळतच चालतो. तिचा काटा आजच्यासारखा मऊ सरकत असेल, तर अस्सलपणाची म्हणून सांगितली जाणारी खूणच तिथे संशयाची खूण ठरते.

हे मोजायला भिंग लागत नाही, मागचं झाकणही उघडावं लागत नाही. फोनचा कॅमेरा स्लो मोशनमध्ये सेकंदाला २४० चित्रं टिपत असेल, तर सेकंदाला ८ झोक्यांच्या घड्याळात काटा दर ३० चित्रांनी एक पाऊल टाकेल. ७ झोके असतील तर साधारण ३४ चित्रांनी, साडेपाचाला ४३-४४ आणि १० झोक्यांना २४ चित्रांनी. चित्रफीत एकेक चित्र पुढे सरकवत पाच-दहा पावलं मोजली की आकडा स्पष्ट होतो. ओमेगा ८९०० म्हणून विकायला आलेलं घड्याळ दर ३० चित्रांनी पाऊल टाकत असेल, तर आत ते कॅलिबर नाही. चर्चा तिथेच संपते.

क्वार्ट्झचा विषय निघालाच आहे तर एक सांगायला हवं. घड्याळातला क्वार्ट्झ स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, कारण सेल त्याला विजेचा दाब पुरवतो आणि विजेच्या दाबाखाली आकार बदलण्याचा त्याचा गुण आहे. हा आकडा १५ वेळा निम्मा केला की बरोबर १ उरतो, म्हणून तो निवडला. सेल काढला की कंपन थांबतं.

पुन्हा टिककडे येऊ. माझ्या मते या सगळ्या यंत्रात सर्वांत सुंदर गोष्ट तीच आहे. कानाला एक वाटणारी टिक प्रत्यक्षात तीन आवाजांची असते: खुंटी लिव्हरवर आदळते तो पहिला, दाता धक्का देतो तो दुसरा, पुढचा दाता येऊन अडकतो तो तिसरा. घड्याळ दुरुस्त करणाऱ्यांकडे टाइमग्राफर नावाचं यंत्र असतं. ते मायक्रोफोनने हे आवाज ऐकतं आणि पहिल्या व तिसऱ्या आवाजातला वेळ मोजतं. या वेळात बॅलन्स किती अंश फिरतं ते कॅलिबरच्या रचनेवरून माहीत असतं. त्याला लिफ्ट अँगल म्हणतात. समजा तो ५२ अंश आहे आणि घड्याळ सेकंदाला ८ झोक्यांचं आहे. दोन आवाजांत ७.४ मिलिसेकंदांचं अंतर आलं, तर बॅलन्स मध्यापासून दोन्ही बाजूंना २८० अंशांपर्यंत झेपावतं आहे. अंतर १०.४ मिलिसेकंद आलं, तर जेमतेम २०० अंश. म्हणजे ३ मिलिसेकंदांच्या फरकावरून यंत्राची तब्येत कळते. ओमेगाच्या को-ॲक्सियल एस्केपमेंटची, म्हणजे दाते अडवून सोडणाऱ्या तिच्या वेगळ्या जोडणीची, रचना आणि लिफ्ट अँगल दोन्ही वेगळे असल्याने तिच्या टिकचा आकारही नेहमीच्या लिव्हरपेक्षा वेगळा उमटतो. मुलामा देऊन हा आकार नकलता येत नाही.

नकल करणाऱ्याची खरी कसोटी हेअरस्प्रिंगवर लागते. केसाहून पातळ अशी ही पट्टी. तिचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो आणि झोक्यांचा वेग ताठपणाच्या वर्गमुळाच्या. म्हणून जाडी फक्त १ टक्क्याने चुकली तर वेग दीड टक्क्याने चुकतो, म्हणजे दिवसाला २१ मिनिटांहून जास्त. स्प्रिंगची लांबी कमी-जास्त करून ही चूक भरून काढता येते, म्हणून नकली घड्याळही टेबलावर पडलेलं असताना वेळ ठीक दाखवू शकतं. पण घड्याळ उभं धरलं की बॅलन्सच्या तोलातला बारीकसा दोष गुरुत्वाकर्षणामुळे उघडा पडतो. तोही सरळसोट नाही: झोका २२० अंशांच्या वर असताना दोष एका दिशेने वेळ चुकवतो, खाली असताना उलट दिशेने, आणि नेमका २२० च्या आसपास तो दिसेनासा होतो. गणितात हा आकडा बेसेल फलन नावाच्या सूत्राची किंमत जिथे शून्य होते तिथून येतो: ३.८३ रेडियन, म्हणजे साधारण २२० अंश. म्हणूनच स्वित्झर्लंडच्या सीओएससी या संस्थेत यंत्रणा १५ दिवस, पाच स्थितींत आणि ८, २३ व ३८ अंश सेल्सिअस तापमानांत तपासतात, आणि दिवसाची सरासरी चूक उणे ४ ते अधिक ६ सेकंदांच्या आत आली तरच प्रमाणपत्र देतात.

मात्र कमी झोका म्हणजे नकली, असा उलटा निष्कर्ष काढू नये. वर्षानुवर्षं तेलपाणी न झालेलं अस्सल घड्याळही १९०-२०० अंशांवर येतं, आणि नवी कोरी चांगली नक्कल २८० दाखवू शकते. वेग चुकीचा आला तर घड्याळ खोटं ठरतं. वेग बरोबर आला तर ते फक्त पुढच्या तपासणीला पात्र ठरतं.

काचेवर पाण्याचा थेंब ठेवून नीलम काच (महागड्या घड्याळांवर बसवतात ती) ओळखण्याच्या चाचणीला मी महत्त्व देत नाही. थेंबाचा आकार काचेवरच्या तेलकटपणावर आणि लेपावरही ठरतो. शिवाय कृत्रिम माणिक-नीलम बनवण्याची फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्हर्नोई यांची पद्धत १९०२ पासून जगाला माहीत आहे आणि नकली घड्याळांतही ती काच सर्रास बसवतात. फोटो टाकला की अस्सल-नकली सांगण्याचा दावा करणाऱ्या ॲपना तर आतली यंत्रणा दिसतच नाही.

एक फसवणूक मात्र टिक मोजूनही सापडत नाही: अस्सल यंत्रणा आणि नव्याने रंगवलेली तबकडी. जुन्या घड्याळांत इथे अणुविज्ञान मदतीला येतं. तबकडीच्या तळाशी ‘T < 25’ असं छापलेलं असेल, तर आकड्यांवरचा चमकणारा रंग किरणोत्सर्गी ट्रिटियमचा असायला हवा. ट्रिटियमचा अर्धायुष्यकाल १२.३ वर्षं, म्हणजे ५० वर्षांनी त्याचा सुमारे सोळावा भाग उरतो, आणि त्याच्यासोबतचा, प्रत्यक्ष चमकणारा झिंक सल्फाइडही तोवर थकलेला असतो. असा रंग टॉर्चच्या उजेडाने क्षणभर उजळून लवकरच विझतो. तो तासन्‌तास चमकत राहिला, तर तिथे १९९० च्या दशकात आलेला स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटचा रंग आहे. दुरुस्तीत कुणी तो प्रामाणिकपणे भरला असेल, तर विकणाऱ्याने तसं सांगायला हवं आणि त्या घड्याळाला ‘मूळ तबकडी’ म्हणू नये. या दोन्ही चाचण्या पार पडल्या, की मग जाणत्या कारागिराकडून मागचं झाकण उघडून घ्यावं आणि यंत्रणेवरचा कॅलिबर क्रमांक, पुलांचे (चाकांना वरून धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांचे) आकार आणि रोटर (हाताच्या हालचालीने फिरून स्प्रिंग आवळणारा भाग) हे सगळं त्या मॉडेलच्या खात्रीच्या नमुन्याशी ताडून पाहावं. झाकण उघडू द्यायला विक्रेता तयार नसेल, तर ते घड्याळ घेऊ नये.