सव्वासहाला निघणारी पिढी: मुळाशी 2005चा एक शासन निर्णय

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या कार्यालयांत दोन पिढ्यांमधलं अंतर डिसेंबरात सर्वांत ठळक दिसतं. हिवाळी अधिवेशन लागलं की आमदारांच्या तारांकित प्रश्नांची, लक्षवेधींची उत्तरं रात्री उशिरापर्यंत तयार होत असतात. पन्नाशीतले अव्वल कारकून आपणहून थांबतात. तिशीतला लिपिक आपल्या टेबलाची माहिती चोख देतो आणि सव्वासहाला निघतो. यालाच, म्हणजे नोकरी न सोडता नेमून दिलेल्यापलीकडे काही न करण्याला, हल्ली ‘क्वाएट क्विटिंग’ म्हणतात आणि खापर नव्या पोरांच्या स्वभावावर फुटतं. ते अन्यायाचं आहे.

हात आखडता घेणं इथं नवीन नाही. 1956 साली नागपूरचं राजधानीपण गेलं, सचिवालयातली बरीच मंडळी मुंबईला हलली आणि वरच्या जागाही तिकडेच गेल्या. पुढे 1977-78 मध्ये राज्यभर 54 दिवसांचा संप झाला. जुन्या पिढीची नाराजी अशी संपातून, लेखणी बंदमधून, सगळ्यांची मिळून बाहेर पडायची. एकट्यानं मन काढून घेणारेही होतेच. वेतनश्रेणी वरची मिळाली तरी खुर्ची तीच राहिली, की काहींचा उत्साह विझायचा. साहेब चालवून घेत. त्याला पिढीचा दोष कुणी म्हटलं नाही.

खरी फाळणी 31 ऑक्टोबर 2005च्या शासन निर्णयानं केली. 1 नोव्हेंबर 2005 किंवा त्यानंतर रुजू होणाऱ्यांना 1982चे निवृत्तिवेतन नियम लागू राहिले नाहीत, भविष्य निर्वाह निधीही गेला. त्याऐवजी नवी योजना आली: मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या 10 टक्के कपात, तेव्हा तेवढाच सरकारचा वाटा, आणि ही रक्कम बाजारात गुंतवायची. तिजोरीवरचा भार कमी करणं हा हेतू होता आणि तो भार खोटा नव्हता. पण एकाच खोलीत, एकाच पदावर बसलेल्या दोघांपैकी एकाला शेवटच्या वेतनाच्या निम्मं निवृत्तिवेतन नक्की आणि दुसऱ्याचं बाजाराच्या हवाली, असं झालं. रुजू होण्याची तारीख धरल्यानं गुंता आणखी वाढला. जाहिरात आधीची, परीक्षा आधीची, नियुक्तीपत्र मात्र प्रशासनाच्या दिरंगाईमुळे नोव्हेंबरनंतर हातात पडलं, असे हजारो जण नव्या योजनेत ढकलले गेले. त्यांना जुन्या योजनेचा पर्याय मिळाला तो 2024 साली. सेवेत मृत्यू झाल्यास कुटुंब निवृत्तिवेतनाची सोयही नव्या योजनेत 2023 मध्ये आली. तोवर गेलेल्या सहकाऱ्यांच्या घरची परवड ज्यांनी पाहिली, त्यांना ‘सरकार आपलं मायबाप’ हे वाक्य कसं पटावं? जादा वेळ देण्यामागे जुन्यांकडे जो विश्वास होता, तो या पिढीला कुणी दिलाच नाही.

त्यात रिक्त पदांची भर पडली. एका लिपिकाकडे दोन-तीन टेबलांचा अतिरिक्त कार्यभार ही आता नेहमीची गोष्ट आहे. दफ्तर दिरंगाईचा कायदा म्हणतो, फाईल सर्वसाधारणपणे कामकाजाच्या सात दिवसांहून जास्त एका टेबलावर राहू नये. ज्याच्याकडे तीन टेबलांच्या फायली आहेत, तो नेमून दिलेल्या कामाची रेघ आखतो, यात कामचुकारपणा मला दिसत नाही. फेब्रुवारी 2020च्या अखेरीस पाच दिवसांचा आठवडा आला, पावणेदहा ते सव्वासहा अशी वेळ ठरली, आणि त्या रेघेला शासनाचाच आधार मिळाला.

ही पिढी गप्प बसली असंही नाही. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा नागपुरात अधिवेशनावर आलेल्या मोर्चांत घुमली. मार्च 2023 मध्ये बेमुदत संप झाला, आठवडाभरात आश्वासनावर मिटला. त्यात निवृत्तीला आलेले जुनेही उतरले होते, हे विसरता कामा नये. ऑगस्ट 2024 मध्ये राज्यानं केंद्राची एकीकृत निवृत्तिवेतन योजना स्वीकारली. 25 वर्षं सेवा झाली तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी रक्कम त्यात मिळते. परंतु भरती वर्षानुवर्षं रखडल्यानं अनेक जण पस्तिशीनंतर रुजू झाले आहेत. खुल्या गटाला वयाच्या 38पर्यंत आणि मागासवर्गीयांना 43पर्यंत सेवेत येता येतं, निवृत्ती 58ला. त्यांची 25 वर्षं भरतच नाहीत.