पडद्यावर २४, पोटावर ३६

थंडी वाढली की नाशिकमधल्या दवाखान्यांतल्या छातीच्या वॉर्डांत खाटा भरू लागतात. निफाडचा पारा घसरल्याची बातमी पेपरात येते आणि तिच्या मागोमाग पेशंट यायला लागतात: सुरगाणा-पेठकडच्या, चुलीच्या धुरात उभा जन्म काढलेल्या आज्या, सिन्नरकडचे विडी ओढणारे आजोबा. बहुतेकांचं दुखणं एकच, सीओपीडी. हवा फुप्फुसात जाते, पण बाहेर पडताना अडते. मग रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो आणि माणूस हळूहळू गुंगीत जातो.

पूर्वी अशा वेळी घशात नळी घालून व्हेंटिलेटर लावण्याशिवाय फारसा इलाज नसे. आता आधी नाका-तोंडावर मास्क बसवतात आणि बायपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन, सुरू करतात. हे नुसतं सोयीचं आहे म्हणून नव्हे. लॉरां ब्रोशार या फ्रेंच डॉक्टरांच्या गटाने १९९५ साली सीओपीडीच्या ८५ पेशंटांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी ७४ टक्के लोकांना नळी घालावी लागली होती, मास्क लावलेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होतं. मृत्यूही कमी झाले.

मास्क लावला की नातेवाइकांची नजर सॅच्युरेशनच्या, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनच्या, आकड्यावर खिळते. डॉक्टर आणि सिस्टर शेजारचा श्वासांचा आकडाही बघतात. मला विचाराल तर पहिल्या तासात बघण्याची खरी जागा स्क्रीन नाही, पेशंट आहे. कारण मशीन चालू आहे आणि पेशंट श्वास घेतोय, या दोन्ही गोष्टी खऱ्या असूनही दोघांचा एकमेकांशी काही संबंध नसू शकतो.

बायपॅप दोन दाबांवर चालतं. श्वास घेताना जास्त दाब, समजा १४ सेंटिमीटर पाण्याइतका, आणि सोडताना कमी, समजा ५. कधी वर जायचं आणि कधी खाली यायचं हे मशीनने ठरवायचं असतं. पण त्याला ना पेशंटची छाती दिसते, ना त्याच्या मेंदूचा हुकूम कळतो. त्याला कळतो फक्त मशीनपासून मास्कपर्यंतच्या नळीतल्या हवेचा प्रवाह. प्रवाह पेशंटकडे वळला म्हणजे श्वास सुरू झाला. वाढलेला प्रवाह उतरत शिखराच्या साधारण चौथ्या हिश्शावर आला म्हणजे श्वास संपला. सगळा कारभार असा अंदाजावर.

पिंपळगावच्या कांदा खळ्यावर दोन हमाल गोणी उचलताना बघा. दोघांनी एका दमात जोर लावला तर गोणी अलगद पाठीवर जाते. दुसऱ्याने अर्ध्या सेकंदाने उशीर केला तर सगळं वजन पहिल्याच्या कमरेवर येतं, आणि पहिला तयार नसताना दुसऱ्याने हिसका दिला तर तो तोल जाऊन पडतो. मदत तेवढीच, चुकते ती वेळ.

वेळ चुकण्याचे प्रकार बरेच आहेत, पण सगळ्यात फसवा म्हणजे वाया गेलेला श्वास. सीओपीडीच्या पेशंटला घाईने श्वास घ्यावे लागतात. आधीची हवा पूर्ण बाहेर पडायच्या आत पुढचा श्वास सुरू होतो आणि छातीत हवा अडकून दाब उरतो. समजा तो ८ आहे आणि मशीन ५ वर थांबलंय. पेशंटने जोर लावला तरी आधी हा तीनाचा फरक भरून निघायला हवा, त्यानंतरच नळीतला प्रवाह त्याच्याकडे वळणार. थकलेल्या स्नायूंना तेवढं जमलं नाही की मशीनला काही कळतच नाही. पेशंट धडपडतो, मशीन गप्प.

आता गंमत बघा, म्हणजे गंमत कसली, धोका. स्क्रीनवरचा श्वासांचा आकडा म्हणजे मशीनने मोजलेले श्वास. वाया गेलेले त्यात धरलेलेच नसतात. पेशंट मिनिटाला ३६ वेळा धडपडत असेल आणि त्यातले १२ प्रयत्न फुकट गेले, तर पडद्यावर २४ दिसतात. कुणीतरी म्हणतं, "श्वास कमी झाले, सुधारतंय." मग आणखी आराम मिळावा म्हणून वरचा दाब वाढवला जातो. फुप्फुसात जास्त हवा भरते, ती सोडायला जास्त वेळ लागतो, अडकलेला दाब वाढतो आणि आणखी प्रयत्न फुकट जातात. आकडा २० वर येतो. कागदावर पेशंट आणखी सुधारला! अशा वेळी बहुधा उलटं करावं लागतं: वरचा दाब थोडा उतरवायचा, किंवा खालचा जरा वाढवून अडकलेल्या दाबाशी असलेला त्याचा फरक कमी करायचा.

हे ओळखायला पहिलं साधन म्हणजे हात. तळवा पेशंटच्या पोटावर, बेंबीच्या वर ठेवायचा, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट प्रयत्न मोजायचे आणि ते स्क्रीनवरच्या आकड्याशी ताडायचे. कान मशीनकडे ठेवायचा. मशीनचा हवा ढकलण्याचा आवाज दर वेळी पोटाच्या हालचालीबरोबर येतोय का? फुप्फुसं फार फुगलेली असतील तर त्यांच्याखालचा श्वासपटलाचा स्नायू सपाट होतो, श्वास घेताना पोट उलट आत जातं आणि हाताला चकवा बसू शकतो. तेव्हा मानेकडे बघायचं. कानामागून गळ्याखालच्या हाडापर्यंत येणारा स्नायू दर प्रयत्नाला दोरीसारखा ताठ होतो. मान ताठली आणि मशीन बोललं नाही, की समजायचं तो श्वास वाया गेला.

दुसरा मोठा गुन्हेगार म्हणजे गळती. मास्कच्या मशीनमध्ये थोडी गळती मुद्दाम ठेवलेली असते, मास्कला किंवा नळीला बारीक भोकं असतात आणि त्यांतून सोडलेला श्वास बाहेर जातो. तेवढी गळती मशीन हिशेबात धरतं. त्रास होतो तो कडेने होणाऱ्या गळतीचा, आणि तिची कारणं चेहऱ्यावरच असतात. कवळी काढून ठेवल्यामुळे गाल आत गेलेले. आजोबांच्या झुबकेदार मिशा. आजींच्या नाकातली चमकी. नाकातून पोटात घातलेली रायल्स ट्यूब, जिच्या कडेने हवेला वाटच मिळते. आजींना चमकी काढा म्हणावं तर त्या मास्कच काढून बाजूला ठेवतील, हेही खरं.

गळती मशीनला दोन खोट्या गोष्टी सांगते. पहिली, हवा निसटताना मशीनला वाटतं पेशंटने श्वास घेतला, म्हणून न मागता दाब दिला जातो. इथे हिशेब उलटा होतो: पोटावर २२, पडद्यावर ३४. नळीत साचलेलं पाणी हेलकावलं तरी हेच होतं, आणि थंडीत हवा दमट करणारं यंत्र लावलं की ते पाणी जास्त साचतं. दुसरी, श्वास संपला तरी गळतीमुळे प्रवाह चौथ्या हिश्शापर्यंत उतरतच नाही. पेशंटला सोडायचंय आणि मशीन ढकलतच राहतं. मिनिटाला ३६ प्रयत्न म्हणजे एकेका श्वासाला जेमतेम १.७ सेकंद. त्यातला दीड सेकंद मशीनने भरण्यात घालवला, तर सोडायला उरतं काय? पेशंट पोटाचे स्नायू आवळून हवा बाहेर लोटू लागतो, हाताला पोट दगडासारखं लागतं. म्हणून बऱ्याच मशीनमध्ये श्वास भरण्याच्या वेळेला कमाल मर्यादा घालता येते.

मोठ्या मशीनवर दाबाचे आणि प्रवाहाचे आलेख दिसतात. श्वास सोडतानाचा प्रवाह रेषेखाली असतो. तिथे मध्येच रेषेकडे उसळणारा छोटा उंचवटा दिसला आणि दाब जागचा हलला नाही, तर तो वाया गेलेला प्रयत्न. मात्र आलेख वाचणं वाटतं तितकं सोपं नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन अभ्यासात, नळी घातलेल्या पेशंटांचे आलेख डॉक्टरांना दाखवले. अनुभवी मंडळींना २८ टक्केच बिघाड ओळखता आले, शिकाऊंना १६. मास्कवर हा प्रकार दुर्मीळही नाही: २००९ साली ६० पेशंटांच्या अभ्यासात ४३ टक्के लोकांत दहापैकी एकाहून जास्त श्वासांचा मेळ बसत नव्हता. अगदी अचूक बघायचं तर अन्ननलिकेत फुगा सोडून दाब मोजतात, किंवा श्वासपटलाची विद्युत हालचाल टिपणारी नळी घालतात. आपल्याकडच्या बहुतेक वॉर्डांत यातलं काही नसतं, त्यामुळे पुन्हा हात आणि डोळेच.

वॉर्डात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "पेशंट मशीनशी फाइट करतोय." सगळा ठपका पेशंटवर. मग मास्क ओढणाऱ्याचे हात बांधतात किंवा गुंगीचं औषध देतात. मास्कवरच्या पेशंटला गुंगी देणं तसंही जोखमीचं, आणि त्याआधी दोन मिनिटं खर्चून कडेची गळती, नळीतलं पाणी आणि मशीनची वेळ बघितली, तर बऱ्याचदा फाइट आपोआप थांबते. पट्टे करकचून आवळणं हा उपाय नव्हे. पट्ट्याखाली दोन बोटं जायला हवीत, नाहीतर नाकाच्या हाडावर जखम होते आणि मग मास्क लावताच येत नाही. माप बदलून बघावं.

हल्ली घरी, भाड्याने घेतलेलं बायपॅप वापरणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यासाठी थोडं वेगळं सांगतो. दाबाची बटणं आपल्या मनाने फिरवू नका. "हवा वाया जाते" म्हणून मास्कवरच्या भोकांना चिकटपट्टी तर मुळीच लावू नका, सोडलेला कार्बन डायऑक्साइड पुन्हा आत जातो. पोटाचा आणि मशीनचा मेळ बसत नाही असं वाटलं, तर मोबाइलवर एक मिनिटाचा व्हिडिओ काढा, त्यात पोट, मान आणि स्क्रीन एकत्र दिसू द्या आणि डॉक्टरांना पाठवा. "त्यांना बरं वाटत नाहीये" यापेक्षा त्यातून कितीतरी जास्त कळतं. पण पेशंट हाकेला ओ देईनासा झाला, असंबद्ध बोलू लागला किंवा ओठ निळे पडले, तर व्हिडिओ काढत बसू नका. थेट १०८ ला फोन लावा.