पेल्विक फिजिओथेरपी

ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या जांघेच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत झोळीसारखे ताणलेले जे स्नायू असतात त्यांच्या तक्रारींवर काम करणारी फिजिओथेरपीची शाखा. खोकलं-शिंकलं की लघवी सुटणं, अंग बाहेर येणं, जुनाट बद्धकोष्ठता, संबंधाच्या वेळी दुखणं हे सगळं यात येतं. आणि हो, फक्त बायकांचंच नाही, प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर लघवीवरचा ताबा गेलेले पुरुषही येतात.

उगमाबद्दल एकमत नाही. श्रेय बहुतेक ठिकाणी अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगल यांना देतात (लेख १९४८), पण ब्रिटनमध्ये नर्तिका आणि फिजिओथेरपिस्ट मार्गारेट मॉरिस यांनी १९३६ च्या सुमारासच हे स्नायू आवळायचे व्यायाम सांगितले होते, त्यामुळे केगल 'पहिले' म्हणणं जरा धाडसाचंच. तिसरं मत योगवाल्यांचं. हठप्रदीपिका या योगग्रंथात (साधारण १५ वं शतक) मूलबंध आहे, टाचेने शिवणीवर (गुदद्वाराच्या पुढच्या जागेवर) दाब देऊन गुदद्वार आवळायचं आणि अपान (खाली जाणारा वायू) वर खेचायचा. क्रिया बरीच सारखी आहे पण हेतू कुंडलिनीचा, लघवीचा नाही, म्हणून दोन्ही परंपरा वेगवेगळ्या वाढल्या असं मानणंच बरं वाटतं. केगल यांचं खरं काम मोजमापाचं. त्यांनी पेरिनिओमीटर नावाचं दाब मोजायचं यंत्र केलं आणि बाईला काट्याकडे बघत व्यायाम करायला लावला. आज 'केगल कर' म्हणून जे फोनवर सांगतात त्यात यंत्रही नाही न् तपासणीही नाही. १९९१ च्या एका अमेरिकन अभ्यासात ४७ बायकांना नुसतं तोंडी सांगून बघितलं, तर जेमतेम निम्म्यांनाच ते नीट जमलं आणि साधारण चौथाई बायका उलट खाली जोर देत होत्या.

म्हणून थेरपिस्ट आधी विचारपूस करतात, बाळंतपणं किती, टाके पडले का, पाणी किती पिता, वजन काय उचलता. आतली तपासणी संमती घेऊनच, नको म्हटलं तर बाहेरून. ताकद ० ते ५ अशी ऑक्सफर्ड स्केलवर लिहितात. काहींचे स्नायू सैल नसून कायम आवळलेले असतात, त्यांना आवळायचा व्यायाम दिला तर दुखणं वाढतं, आधी श्वासासोबत सोडायला शिकवावं लागतं. ब्रिटिश मार्गदर्शक सूचनांप्रमाणे लघवी सुटण्यावर रोज ३ वेळा, दर वेळी किमान ८ आकुंचनं, निदान ३ महिने. आठवड्यात फरक पडला नाही म्हणून सोडणारेच जास्त.

कोल्हापुरात कसबा बावड्याला डी. वाय. पाटील विद्यापीठाचं फिजिओथेरपी कॉलेज आहे. बीपीटीएच (फिजिओथेरपीची पदवी) इंटर्नशिपसकट साडेचार वर्षांचा चालत आलाय, पेल्विकचं खास शिक्षण मात्र बरेचजण पुढे वेगळ्या कोर्समधून घेतात. इकडच्या पेशंटला डोक्यावरची वैरणीची मोळी, उसातली भांगलण, पाण्याच्या कळशा हे विचारल्याशिवाय हिस्टरी पुरी होत नाही. श्वास कोंडून ओझं उचललं की पोटातला दाब थेट तळावर येतो, म्हणून "मावशी, उचलताना श्वास सोडा आणि तळ आधी आवळा" हेच पहिलं शिकवणं. तालमीतल्या आणि जिममधल्या पोरांनाही तेच लागू. बाळंतिणीचं पोट कचकून बांधायची रीत अजून आहे, फार घट्ट बांधलं तर तोही दाब खालीच जातो. लघवीतून रक्त येत असेल किंवा बसायच्या जागी बधिरपणा असेल तर व्यायाम नाही, आधी डॉक्टर.