टोळी मोडली, टीम आली : एका साचेखात्याची पार्श्वभूमी

ऑफिसातल्या माणसांना शनिवारी सकाळी बसमध्ये कोंबायचे, लोणावळ्याच्या एखाद्या रिसॉर्टवर न्यायचे, एकसारखे टी-शर्ट वाटायचे आणि नाश्ता झाला की दोन बाजूंना उभे करून रस्सीखेच लावायची. ‘टीम बिल्डिंग’चा हा बेत आता सगळ्यांच्या ओळखीचा आहे. गंमत म्हणजे याच दोरखंडाने फार पूर्वी नेमकी उलटी साक्ष दिली होती. मॅक्स रिंगलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने १८८०च्या दशकात माणसांची ओढण्याची ताकद मोजली, आधी एकेकट्याची, मग गटात. माणसे वाढत गेली तसा एकूण जोर वाढला, पण माणशी जोर घटत गेला. आठ जण झाले तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याची ओढ जवळजवळ निम्म्यावर आली होती. हे आकडे त्याने १९१३ साली छापले. त्याच्या मते मुख्य अडचण ताल जुळण्याची होती, कारण सगळ्यांचा हिसका एकाच क्षणी बसत नाही. पुढे १९७९ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी लोकांना एकट्याने आणि घोळक्यात टाळ्या वाजवायला, ओरडायला लावले. तेव्हा ताल सोडून दुसरेही काही दिसले. घोळक्यात माणूस थोडे अंग राखून असतो. टोळीपासून टीमपर्यंतची ही वाट अहमदाबादच्या एका गिरणीतल्या साचेखात्यातून, म्हणजे कापड विणणाऱ्या यंत्रमागांच्या खात्यातून जाते. तिथवर कसे पोचलो, ते आधी पाहू.

कारखानदारांना हे कळायला कुठल्याही प्रयोगाची गरज नव्हती. अमेरिकी अभियंता फ्रेडरिक टेलर हा स्वतः कारखान्यात मजुरी करत वर चढलेला माणूस. कामगार आपसात ठरवून काम कसे रेंगाळवतात, जास्त काम करणाऱ्याला बाकीचे कसे वठणीवर आणतात, हे त्याने आतून पाहिले होते. त्याचे शास्त्रीय व्यवस्थापनावरचे पुस्तक १९११ साली आले. बेथलेहेम स्टील या पोलाद कंपनीत खास परवानगीशिवाय चारपेक्षा जास्त मजुरांची टोळी कामाला लावायची नाही, असा हुकूम होता, असे त्यात नोंदवले आहे. टोळीत सगळे जण सर्वांत वाईट मजुराच्या पातळीवर उतरतात, हा त्याचा युक्तिवाद. त्यावरचा उपाय म्हणजे काम चिरून इतके बारीक करायचे की प्रत्येक तुकड्यापाशी एकच माणूस उरेल, आणि त्याचे मोजमाप घड्याळाने करता येईल. टेलरला गटाचे बळ कळत नव्हते असे अनेकदा लिहिले जाते. मला तसे वाटत नाही. ते त्याला पुरेपूर कळत होते, आणि म्हणूनच त्याला गट मोडायचा होता.

मुंबईच्या गिरण्यांत टोळी वेगळ्या वाटेने आली होती. भरती जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, हाती असे. तो आपल्या गावची, भावकीतली, ओळखीपाळखीची माणसे आणी, त्यामुळे रत्नागिरी किंवा साताऱ्याकडचे अख्खे गाव एखाद्या खात्यात सापडे. १९२०च्या दशकात मालकांनी ‘रॅशनलायझेशन’, म्हणजे कमी माणसांत जास्त काम, काढले. दोन साचे चालवणाऱ्या विणकराने आता तीन किंवा चार चालवावेत, अशी त्यातली एक मागणी. १९२८ चा संप याच प्रश्नावर पेटला आणि जवळपास सहा महिने चालला. सुमारे दीड लाख कामगार बाहेर पडले, आणि त्याच वर्षी गिरणी कामगार युनियन उभी राहिली. माणशी साचे किती, हा हिशेब कारकुनाच्या वहीतून थेट रस्त्यावर आला.

त्याच सुमारास शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात टेलिफोनची उपकरणे बनवणारी वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनी वेगळाच हिशेब करत होती. १९२४ पासून तिथे दिव्यांचा प्रयोग सुरू होता. उजेड वाढवला, उत्पादन वाढले. कमी केला, तरी वाढले. मग १९२७ मध्ये रिले, म्हणजे विजेचे छोटे स्विच, जुळवणाऱ्या पाच मुलींना वेगळ्या खोलीत बसवून विश्रांतीच्या सुट्ट्या, कामाचे तास आणि मजुरी बदलून पाहिली. उत्पादन पुन्हा चढले. लक्ष दिले की माणूस खुलतो, अशा अर्थाने ही गोष्ट एमबीएच्या वर्गात आजही सांगितली जाते. पण प्रयोग सुरू होऊन वर्षही झाले नव्हते, तेव्हा त्या पाचपैकी दोघींना फार बोलतात आणि मनासारखे काम करत नाहीत म्हणून काढून त्यांच्या जागी दुसऱ्या दोघी आणल्या होत्या, हा भाग बहुधा गाळला जातो. खुलण्याच्या गोष्टीत तो अडचणीचा आहे.

मला हॉथॉर्नची दुसरी खोली जास्त बोलकी वाटते. १९३१-३२ मध्ये १४ पुरुषांच्या एका गटाला वायरिंगचे नेहमीचे काम देऊन फक्त न्याहाळले. दिवसाचे वाजवी काम किती, हे त्यांनी आपसात ठरवून टाकले होते, आणि ते कंपनीच्या अपेक्षेपेक्षा कमी होते. त्यापुढे जाणाऱ्याची टिंगल व्हायची, प्रसंगी दंडावर ठोसाही बसायचा. फार कमी करणाराही दुसऱ्यांच्या जिवावर खाणारा ठरायचा. वरिष्ठांकडे चुगली करणारा तर सर्वांत वाईट. जास्त केले की दर उतरतील आणि माणसे कमी होतील, ही भीती त्यामागे होती. मंदीच्या दिवसांत ती वेडगळ नव्हती. टेलरने पाहिलेला गट त्याच्या पुस्तकानंतर वीस वर्षांनी, बारीक तुकडे केलेल्या कामातही, जसाच्या तसा जिवंत होता.

इथून गोष्ट ब्रिटिश सैन्यात जाते. दुसऱ्या महायुद्धात अधिकारी निवडण्याची जुनी, घराणे बघून मुलाखत घ्यायची पद्धत पुरेनाशी झाली. तेव्हा विल्फ्रेड बियॉन या मनोविश्लेषकाने ‘नेता नसलेल्या गटा’ची चाचणी बसवली. आठ-दहा उमेदवारांना एक अवघड काम द्यायचे, प्रमुख नेमायचा नाही आणि कोण काय करतो ते बाजूला उभे राहून पाहायचे. हीच पद्धत युद्धकाळात भारतात आली. खडकवासल्याच्या प्रबोधिनीचे स्वप्न पाहणारी आपली पोरे एसएसबीच्या, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाच्या, मैदानावर फळ्या, दोर आणि पिंपे घेऊन जे ‘ग्रुप टास्क’ करतात आणि चाचणी घेणारे अधिकारी (जीटीओ) वही घेऊन जे गप्प उभे असतात, त्याचे मूळ तिथे आहे. त्या निवड मंडळांच्या कामात असलेल्या मंडळींतूनच युद्धानंतर लंडनची टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूट ऑफ ह्यूमन रिलेशन्स उभी राहिली. एरिक ट्रिस्ट त्यांच्यातलेच.

ट्रिस्ट आणि पूर्वी स्वतः खाणकामगार असलेले केन बॅमफोर्थ यांनी १९५१ मध्ये इंग्लंडच्या कोळसा खाणींवर एक निबंध लिहिला. जुन्या पद्धतीत दोन-चार खाणकामगार आपले सोबती आपणच निवडत आणि कोळसा फोडण्यापासून बाहेर धाडण्यापर्यंतचे सारे काम मिळून करत. यंत्रे आली तेव्हा जवळपास ४० माणसे कोळशाच्या लांबच लांब भिंतीवर पसरली. तीन पाळ्या झाल्या आणि प्रत्येक पाळीला कामाचा एकच तुकडा आला. आधीच्या पाळीने काम अर्धवट सोडले की त्याचा ताप पुढच्यांना. गैरहजेरी वाढली, एकमेकांवर ढकलाढकली वाढली. यंत्रही मागे टाकायचे नाही आणि माणसेही एकमेकांपासून तोडायची नाहीत, असे जमेल का, हा प्रश्न टॅव्हिस्टॉकला तिथे पडला. त्याची सर्वांत गाजलेली परीक्षा झाली ती मात्र अहमदाबादेत.

१९५३ साली अहमदाबाद आपल्याच मुंबई राज्यात होते. साराभाईंच्या कॅलिको मिलने आपल्या ज्युबिली मिलमध्ये नुकतेच स्वयंचलित साचे बसवले होते आणि ते अपेक्षेइतके कापड देत नव्हते. गौतम साराभाईंच्या बोलावण्यावरून टॅव्हिस्टॉकचे ए. के. राईस आले. त्यांनी पाहिलेले साचेखाते असे : २२४ साचे, २९ माणसे आणि डझनभर वेगवेगळी कामे. विणकर धागे सांधणार. साच्याच्या ‘बॅटरी’त, म्हणजे साठ्याच्या खणात, आडव्या धाग्याच्या कांड्या भरणारे वेगळे. एकदम बरेच धागे तुटले तर ते निस्तरणारे वेगळे. नवा बीम (उभ्या धाग्यांचा रूळ) चढवणारे, कापड उचलणारा, तेल घालणारा, झाडू मारणारा, हवेतला ओलावा राखणारे, शिवाय जॉबर आणि त्यांचे मदतनीस. प्रत्येक कामाचे मोजमाप नीट झालेले होते. पण विणकराकडचे साचे तिसाच्या आसपास, बॅटरी भरणाऱ्याकडचे त्याहून जास्त, तुटलेले निस्तरणाऱ्याकडचे आणखी जास्त. त्यामुळे कोणाचीच हद्द दुसऱ्याच्या हद्दीशी जुळत नव्हती. राईस यांनी हिशेब मांडला : एका विणकराच्या वाट्याला पाच-अष्टमांश बॅटरी भरणारा, तीन-अष्टमांश धागे निस्तरणारा, पाव बीमवाला आणि एक-अष्टमांश कांड्या आणणारा येतो.

हा अपूर्णांक मला त्या अख्ख्या अभ्यासाचा गाभा वाटतो. पाव माणसाशी कसली दोस्ती आणि कसले भांडण? साचा बंद पडला की विणकर हाक मारणार, आणि ज्याला हाक मारली तो तेव्हा दुसऱ्याच विणकराच्या साच्यावर असणार. माणसे आळशी नव्हती की भांडकुदळ नव्हती. गट व्हावा असे काम त्यांच्यापुढे ठेवलेलेच नव्हते.

राईस यांची सूचना साधी होती. काही साचे एकत्र करायचे आणि त्यांची सगळी जबाबदारी एका छोट्या गटाकडे द्यायची. ६४ साचे, सात माणसे. कल्पना पर्यवेक्षकांपर्यंत पोचली आणि तिथून कामगारांपर्यंत. पुढे जे घडले त्याने राईसही चकित झाले. वरून याद्या यायच्या आत कामगारांनी परस्पर पसंतीने पहिले गट जमवून टाकले. सुरुवात सुरळीत नव्हती. वेग वाढला तसे खराब कापडही वाढले, साच्यांच्या देखभालीकडे दुर्लक्ष झाले आणि घडी पुन्हा बसवावी लागली. ती बसल्यावर कार्यक्षमता सुमारे ८० टक्क्यांवरून ९५ टक्क्यांवर गेली आणि कापडाचे नुकसान सुमारे ३२ टक्क्यांवरून २० टक्क्यांपर्यंत उतरले. पुढे साध्या, स्वयंचलित नसलेल्या साच्यांच्या खात्यातही गट केले गेले. राईस यांचे पुस्तक १९५८ साली निघाले आणि ‘अहमदाबाद प्रयोग’ हे नाव जगभरच्या अभ्यासक्रमांत गेले. त्याच शहरात विक्रम साराभाईंच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या अटिरा या कापड उद्योगाच्या संशोधन संस्थेत कमला चौधरी गिरणी कामगारांच्या मानसशास्त्राचा अभ्यास करत होत्या. १९६१ मध्ये आयआयएम निघाली तेव्हा तिच्या उभारणीत त्या होत्या. आपल्याकडे ‘ऑर्गनायझेशनल बिहेविअर’ हा विषय अमेरिकेतून पुस्तकांच्या पेटाऱ्यातून आला असे समजणाऱ्यांनी हे साचेखाते लक्षात ठेवायला हरकत नाही.

आक्षेपही आले, आणि ते हलके नव्हते. १९६९ मध्ये एका भारतीय संशोधकाने राईस यांची पद्धत पुन्हा तपासली. गट केले त्याच काळात मजुरीही वाढली होती. मग श्रेय गटाला द्यायचे की पैशाला? हॉथॉर्नच्या मुलींबद्दल हाच प्रश्न १९६७ मध्ये ॲलेक्स केरी यांनी विचारला होता. दोन्हीकडे एकाच वेळी इतके काही बदलले होते की एकेक धागा सुटा करणे कठीण. माझ्यापुरते सांगायचे तर मजुरीचा वाटा मोठा असणार. पण नुसत्या मजुरीने पाच-अष्टमांशाचे गणित सुटत नाही, ते हद्दी जुळवल्यावरच सुटते.

युरोपात हा विचार नॉर्वेमार्गे स्वीडनला पोचला. १९७४ मध्ये व्होल्वोने काल्मार येथे सरकत्या पट्ट्याऐवजी गटांवर बेतलेला मोटारींचा कारखाना काढला. तो १९९४ मध्ये बंद झाला. पुढे सॉफ्टवेअरवाल्यांनी लहान, आपले आपण ठरवणाऱ्या गटांची हीच भाषा उचलली. रोज सकाळी उभ्याने बैठक घेणाऱ्या हिंजवडीतल्या मुलांना ज्युबिली मिल माहीत असण्याचे कारण नाही.

१९७० मध्ये टॅव्हिस्टॉकचे एरिक मिलर अहमदाबादला परत गेले. पन्नाशीच्या दशकात त्यांनी कॅलिकोतच काम केले होते. त्यांना एका खात्यात गट जवळपास तसेच चालू असलेले दिसले. उत्पादनाची पातळीही टिकून होती, आणि राईस केव्हाच निघून गेले होते. इतर खात्यांत मात्र कामे पुन्हा जुन्या वळणावर गेली होती, आणि ज्या स्वयंचलित साच्यांपासून सारे सुरू झाले ती जागाही याला अपवाद नव्हती. बाजाराच्या मागण्या बदलल्या होत्या, खात्यावरचा ताण वाढला होता. गटाला बाहेरच्या धक्क्यांपासून सांभाळणे हे ज्या पर्यवेक्षकांचे काम, ते आता गटाच्या आत शिरून कोणी कुठला साचा बघायचा ते सांगू लागले होते.