पार्श्वभूमी : ओक्लाहोमा सिटीची तरुण फळी आणि २०१२ चा तो सौदा

एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या २०२५-२६ च्या हंगामात ओक्लाहोमा सिटीने पहिल्या २५ सामन्यांपैकी २४ जिंकले. इतकी दमदार सुरुवात त्याआधी फक्त गोल्डन स्टेटने २०१५-१६ मध्ये केली होती. जून २०२५ मध्ये विजेतेपद मिळवलेला ओक्लाहोमा सिटीचा हा संघ तेव्हा सरासरी पंचविशीच्या आसपासचा होता. त्यामुळे 'ही पोरं हे टिकवतील का' हा प्रश्न लगेच सुरू झाला. डिसेंबरात सॅन अँटोनियोने त्यांना दोन आठवड्यांच्या आत तीनदा हरवल्यावर तर तो अधिकच जोरात विचारला गेला.

या प्रश्नाचं उत्तर बहुतेक जण अननुभवात शोधतात. पोरं दडपणाखाली ढेपाळतात, मार्चमध्ये दमतात, प्लेऑफमध्ये (हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत) बावरतात, असं म्हटलं जातं. या लीगचा इतिहास वेगळंच सांगतो. तरुण संघ मोडले ते दोन ठिकाणी, शरीरात आणि करारपत्रात. त्यांच्या कोवळ्या वयाने फारसं कुणाचं नुकसान केलेलं नाही.

जुनं उदाहरण पोर्टलंडचं. १९७७ मध्ये विजेता ठरलेला तो संघ आजही सर्वांत तरुण विजेता मानला जातो. पुढच्या हंगामात त्यांनी ६० पैकी ५० सामने जिंकले होते, तेवढ्यात त्यांच्या सेंटरच्या (बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूच्या) पायाने दगा दिला. उरलेल्या २२ पैकी १४ सामने त्यांनी गमावले आणि प्लेऑफमध्ये सिएटलने त्यांना घरी पाठवलं. सिएटलचा तोच क्लब २००८ मध्ये ओक्लाहोमा सिटीला हलवला गेला.

तिथली सुरुवात भीषण होती. पहिल्या ३२ सामन्यांत अवघे तीन विजय मिळाले. पण २००७ ते २००९ या तीन ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) क्लबने ज्यांना उचललं, ती निवड आजही थक्क करते. दुसऱ्या क्रमांकावर एक लांबलचक स्कोअरर, चौथ्यावर एक झंझावाती गार्ड (चेंडू हाताळणारा खेळाडू), २४ व्यावर काँगोहून आलेला शॉट अडवणारा फॉरवर्ड आणि तिसऱ्यावर डावखुरा दाढीवाला गार्ड. २३ विजयांवरून संघ एका वर्षात ५० वर गेला. २०१२ मध्ये डॅलस, लॉस एंजेलिस आणि सॅन अँटोनियो या तीन माजी विजेत्यांना ओळीने हरवून तो अंतिम फेरीत पोहोचला. चौघांपैकी एकानेही चोविशी गाठली नव्हती. मायामीने ४-१ असं हरवलं, पण त्या पराभवाचं फारसं दुःख कुणी केलं नाही. सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की हे पुन्हा येणारच.

ते आलेच नाहीत. २७ ऑक्टोबर २०१२ रोजी, नवा हंगाम तीन दिवसांवर असताना, क्लबने दाढीवाल्या गार्डला ह्यूस्टनला देऊन टाकलं. बदल्यात एक अनुभवी स्कोअरर, एक नवखा गार्ड आणि पुढच्या काही ड्राफ्टचे हक्क मिळाले.

हा निर्णय आजही वादाचा आहे आणि तो नीट समजून घ्यायला हवा, कारण पुढचं सगळं त्यातून निघतं. क्लबने त्याला चार वर्षांसाठी साडेपाच कोटी डॉलरच्या आसपास देऊ केले होते. नियमाप्रमाणे मिळू शकणारी कमाल रक्कम सुमारे सहा कोटी होती. म्हणजे वर्षाला सव्वा-दीड कोटी डॉलरच्या पगारात मतभेद फार तर दहा-पंधरा लाख डॉलरचा होता. पाच वर्षांचा करार द्यायचा, तर तशी मुभा एका संघाला एकाच खेळाडूपुरती होती, आणि ती झंझावाती गार्डसाठी आधीच वापरून झाली होती. ऑगस्टमध्ये फॉरवर्डलाही मोठी रक्कम दिली गेली होती.

क्लबची बाजू अशी. २०११ मध्ये मालकांनी पुकारलेल्या टाळेबंदीनंतर लीग आणि खेळाडूंमध्ये झालेल्या करारात लक्झरी टॅक्स (ठराविक हद्दीपेक्षा जास्त पगार देणाऱ्या संघावरचा कर) २०१३-१४ पासून चढत्या दराने लागणार होता, आणि वारंवार हद्द ओलांडणाऱ्यांना वेगळा दंड होता. कराची हद्द तेव्हा सुमारे सात कोटी डॉलर होती. लहान शहर, लहान बाजारपेठ. चौघांना पूर्ण पगार देणं परवडणारं नाही, असा हिशोब मांडला गेला.

हिशोब म्हणून तो चुकीचा नव्हता. पण घाई कशासाठी होती, याचं पटणारं उत्तर आजवर मिळालेलं नाही. गार्डच्या जुन्या स्वस्त कराराचं एक पूर्ण वर्ष शिल्लक होतं. २०१३ च्या उन्हाळ्यातही दुसऱ्या संघाने देऊ केलेल्या रकमेशी बरोबरी करून त्याला ठेवून घेण्याचा हक्क क्लबकडेच राहिला असता. २०११ च्या त्या लीग-करारात एका खेळाडूचा पगार करातून वगळून त्याला मोकळं करण्याची एकवेळची सवलत होती. आपल्या महागड्या, मंदावलेल्या सेंटरसाठी ती वापरली असती तर कराच्या हिशोबातून वर्षाला ऐंशी-नव्वद लाख डॉलर सुटले असते. ती सवलत क्लबने कधीच वापरली नाही. आणि ज्या कराला घाबरून हे केलं, तोच कर या क्लबने २०१८-१९ मध्ये सहा कोटी डॉलरहून जास्त भरला, तेही पहिल्याच फेरीत बाद झालेल्या संघासाठी.

ह्यूस्टनने गार्डला लगेच पाच वर्षांचे सुमारे आठ कोटी दिले. पहिल्या सामन्यात त्याने ३७ गुण केले. २०१४, २०१७ आणि २०१८ या तीन हंगामांचे सर्वोत्तम खेळाडू हे २०१२ च्या त्या एकाच ओक्लाहोमा सिटीच्या संघातले तिघे होते.

सौद्याच्या समर्थकांचा एक मुद्दा मात्र खरा आहे. त्यानंतरच्या हंगामात संघ खचला नाही, उलट ६० सामने जिंकला. पण प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत झंझावाती गार्डचा गुडघा गेला आणि मेम्फिसने पुढच्या फेरीत सहज बाजी मारली. २०१४ मध्ये फॉरवर्ड विभागीय अंतिम फेरीचे पहिले दोन सामने खेळू शकला नाही. २०१४-१५ मध्ये त्या लांबलचक, मुख्य स्कोअररचा पाय मोडला, तो फक्त २७ सामने खेळला आणि ४५ विजय मिळवूनही प्लेऑफ हुकला. चौथा आधार हातचा गेला नसता तर यातली किती वर्षं वाचली असती? माझ्या मते किमान एक.

२०१६ मध्ये गोल्डन स्टेटविरुद्धच्या मालिकेत ३-१ ची आघाडी निसटली. त्याच उन्हाळ्यात टीव्हीच्या नव्या पैशामुळे प्रत्येक संघाची पगारमर्यादा सात कोटींवरून ९.४ कोटींवर उडाली. त्या उडीमुळेच गोल्डन स्टेटला ओक्लाहोमा सिटीचा मुख्य स्कोअरर घेता आला. २०१२ मध्ये पैशाअभावी एक खेळाडू सोडला आणि २०१६ मध्ये पैशाच्या पुरात दुसरा गेला.

आजच्या संघाचं मूळ जुलै २०१९ मध्ये आहे. एका ताऱ्याच्या बदल्यात लॉस एंजेलिसच्या दुसऱ्या क्लबकडून वर्षभराचा अनुभव असलेला एक कॅनेडियन गार्ड, ड्राफ्टच्या पहिल्या फेरीचे पाच हक्क आणि ड्राफ्टचे क्रमांक अदलाबदल करण्याचे दोन हक्क मिळाले. मग ड्राफ्टमध्ये वरचे क्रमांक मिळावेत म्हणून दोन वर्षं मुद्दाम सोसली : २२ आणि २४ विजय. धडधाकट अनुभवी खेळाडूला बाकावर बसवण्यापर्यंत मजल गेली. हे अनेकांना खटकलं आणि खटकायलाच हवं होतं. तिकीट काढून येणाऱ्यांचा त्यात काय दोष? पण २०२२ च्या ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर एक सडपातळ सेंटर मिळाला आणि बाराव्या क्रमांकावर, लॉस एंजेलिसकडून आलेल्या हक्कावर, एक हरहुन्नरी फॉरवर्ड.

४०, ५७, ६८ असे विजय चढत गेले. ६८ विजयांच्या हंगामातही शरीराने साथ सोडलीच होती. एका सेंटरचा हात मोडला होता, दुसऱ्याच्या नितंबाचं हाड नोव्हेंबरात मोडलं. तरी संघ हलला नाही, कारण बाकावर आठ-दहा जण तयार होते. ते तयार होते कारण मुख्य खेळाडूंपैकी दोघे अजून ड्राफ्टच्या स्वस्त करारावर होते. फॉरवर्ड तर मनगटाचा लिगामेंट फाटलेला असताना अंतिम फेरी खेळला आणि एका सामन्यात त्याने ४० गुण केले. मनगटाच्या शस्त्रक्रियेमुळे पुढच्या हंगामातले पहिले १९ सामने तो नव्हता, आणि तेव्हाच्याच दिवसांत ती विजयांची रांग लागली.

२०१२ मध्ये जे नाकारलं ते २०२५ च्या जुलैमध्ये त्याच मॅनेजरने दिलं. कॅनेडियन गार्ड, हरहुन्नरी फॉरवर्ड आणि सडपातळ सेंटर या तिघांचे नवे करार मिळून जास्तीत जास्त ८२ कोटी डॉलरच्या घरात जातात. त्यातले दोन २०२६-२७ पासून लागू होतात. २०२३ च्या लीग-खेळाडू करारात पगाराची जी दुसरी, वरची हद्द आखली गेली, ती नुसता दंड लावत नाही, हात बांधते. ती ओलांडणाऱ्या संघाला अदलाबदलीत दोन पगार एकत्र करता येत नाहीत आणि सात वर्षांनंतरचा ड्राफ्ट हक्क गोठतो, म्हणजे तो दुसऱ्या संघाला देता येत नाही. २०२४ चा विजेता बॉस्टन त्याच धाकाने एका वर्षात दोन मुख्य खेळाडू सोडून बसला.

ओक्लाहोमा सिटीचा हात मोडलेला तो सेंटर आणि सर्वांत चिवट बचावपटू या दोघांच्या करारात २०२६-२७ चं वर्ष द्यायचं की नाही हे क्लबच्या मर्जीवर ठेवलेलं होतं. त्या सेंटरच्या जागी स्वस्त पर्याय म्हणून जून २०२५ मध्ये १५ व्या क्रमांकावर एक उंच पोरगा निवडला होता. हंगाम सुरू व्हायच्या आधी, सप्टेंबरातच, त्याच्या गुडघ्याचा लिगामेंट फाटला.