फोटो काढायचा की पाडायचा?

रविवारी सकाळी बडोद्याच्या कमाटीबागेत, संग्रहालयासमोर उभी राहून माझी आठ वर्षांची भाची म्हणाली, "मावशी, माझा फोटो पाड ना." पुण्याहून आलेला माझा मावसभाऊ लगेच म्हणाला, "अगं, फोटो काय आंबा आहे पाडायला? फोटो काढतात." पोरीचं तोंड एवढंसं झालं. तिच्या वर्गातल्या सगळ्याजणी फोटो 'पाडतात', कारण गुजरातीत 'फोटो पाडवो' असंच म्हणतात. दांडिया बाजारातल्या आमच्या घरात मराठी चालते, पण उंबरा ओलांडला की गुजराती.

मला भावाचं म्हणणं पटलं नाही. का पटलं नाही, ते सांगायला थोडं लांबून यावं लागेल, थेट इंग्रजीतून.

फोटो मराठी माणूस काढतो, गुजराती पाडतो, हिंदीवाला खींचतो आणि इंग्रज 'टेक' करतो, म्हणजे घेतो. कॅमेऱ्यात घडतं ते एवढंच, की भिंगातून प्रकाश आत येतो आणि सेन्सरवर त्याची नोंद होते. त्यात काढणं, पाडणं, ओढणं, घेणं यांतलं काहीच नाही. अर्थाचा सगळा भार 'फोटो' या नामावर आहे. क्रियापद फक्त काळ आणि पुरुष सांभाळून वाक्य पुढे नेतं. इंग्रजीतल्या अशा क्रियापदांना डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांनी १९४२ साली 'हलकी क्रियापदं' असं नेमकं नाव दिलं.

'टेक' हे या हलक्यांमधलं मोठं प्रस्थ. इंग्रज माणूस फेरफटका 'टेक' करतो, आपण मारतो. तो डुलकी घेतो, आपण काढतो. आंघोळ तो घेतो, आपण करतो. बस तो घेतो, आपण पकडतो. शपथ मात्र तोही घेतो आणि आपणही घेतो, तर आमचे गुजराती शेजारी सोगंद खातात. कामाला वेळ लागतो तिथे तर वाक्याचा चेहराच बदलतो. इंग्रजीत काम वेळ 'घेतं', मराठीत वेळ कामाला 'लागतो'.

संध्याकाळी माझ्याकडे दहावीची मुलं इंग्रजी शिकायला येतात. त्यांच्या वह्यांत एक वाक्य हटकून सापडतं : 'आय गेव्ह माय एक्झाम.' मराठी, गुजराती, हिंदी, तिन्ही भाषांत विद्यार्थी परीक्षा देतो आणि शिक्षक ती घेतात. इंग्रजीत बाण उलटा आहे. विद्यार्थी परीक्षा 'टेक' करतो, शिक्षक ती 'गिव्ह' करतात. मुलाचं व्याकरण बिनचूक, स्पेलिंग बिनचूक, तरी लंडनमधला वाचक त्याला मास्तर समजेल! आपण उत्तरं देतो म्हणून 'देणं' आपल्याला रास्त वाटतं, त्यांना प्रश्नपत्रिका हातात घेणं दिसतं. दोन्ही बाजूंना तर्क सारखाच आहे.

जिथे दोन भाषा उघड वेगळ्या आहेत तिथे मुलं सावध असतात. फसवतात त्या अर्धवट जुळणाऱ्या जागा. काळजी घेणं, श्वास घेणं, कर्ज घेणं, सूड घेणं, या सगळ्यांत 'टेक' चपखल बसतं. मग मूल निर्धास्त होतं आणि शिक्षण घेण्याला 'टेक एज्युकेशन', शोध घेण्याला 'टेक सर्च' लिहून मोकळं होतं. हे फक्त आपल्या मुलांचं नाही. भाषा-अभ्यासक नाद्या नेसेलहाउफ यांनी जर्मन मातृभाषेच्या विद्यार्थ्यांचे इंग्रजी निबंध तपासले (२००३), तेव्हा नाम-क्रियापदांच्या अशा जोड्यांमध्ये सर्वात जास्त चुका क्रियापदाच्या निवडीत निघाल्या, आणि त्यामागे मातृभाषेचा मोठा हात होता. म्हणून शब्दार्थ पाठ करून घ्यायची आपली पद्धत मला अपुरी वाटते. 'टेक म्हणजे घेणे' हे वहीत लिहून दिलं की आपणच मुलाला चुकीच्या वाटेवर सोडतो. वहीत जोडीच लिहायला हवी.

शब्दाची पारख त्याच्या संगतीवरून करावी, हा विचार ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५७ साली मांडला. संगतीचं मोजमाप कसं करायचं? समजा, आपल्याकडे एक लाख शब्दांचा मराठी मजकूर आहे. त्यात 'फोटो' ५० वेळा आलाय आणि 'काढणे'ची सगळी रूपं मिळून २०० वेळा. हे शब्द पोत्यात घालून ढवळले आणि एकेक बाहेर ठेवत गेलो, तर 'फोटो'च्या लगेच मागून 'काढणे' यायची अपेक्षा ५० गुणिले २०० भागिले १,००,००० म्हणजे ०.१. दहा वेळा पोतं रिकामं केलं तर सरासरी एकदा. खऱ्या मजकुरात ही जोडी ३० वेळा दिसली, तर ती योगायोगाच्या ३०० पट झाली. आकडे मी समजण्यापुरते घेतलेत, पण पद्धत हीच. बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन सिंक्लेअर यांच्या गटाने संगणकात लाखो शब्दांचा खरा मजकूर साठवून अशाच संगती शोधल्या आणि त्यांवर बेतलेला कोश १९८७ साली काढला.

'टेक' मुळात इंग्रजीचं नव्हेच. जुन्या इंग्रजीत घेण्यासाठी 'निमन' होतं, जर्मनमधल्या 'नेमेन'चं भावंड. मग उत्तरेकडून समुद्रमार्गे आलेल्या नॉर्स लोकांबरोबर 'टाका' आलं आणि काही शतकांत त्यानं घरच्या शब्दाला हुसकून लावलं. जुन्याची एक खूण उरली : बधिर या अर्थाचा 'नम', मुळात 'घेतला गेलेला, जखडला गेलेला'.

नामाशी जमलं की पुढची अडचण येते त्या 'ऑफ', 'आफ्टर', 'ओव्हर' अशा चिमुकल्या शब्दांची. विमान 'टेक ऑफ' करतं, मुलगी आजीला 'टेक आफ्टर' करते, नवा मालक कारखाना 'टेक ओव्हर' करतो. दिसायला तिन्ही सारखे, पण वागणूक वेगळी. 'टेक ऑफ द शूज' चालतं आणि 'टेक द शूज ऑफ'ही चालतं. बुटांऐवजी 'देम' आलं, की मात्र ते मध्येच बसायला हवं : 'टेक देम ऑफ'. 'आफ्टर' असं मध्ये कुणाला येऊ देत नाही. 'टेक हर आफ्टर' म्हटलं की वाक्य मोडलं. पहिला शब्द क्रियापदाला चिकटलेला आहे आणि दुसरा पुढच्या नामाला, हे या एका चाचणीत कळतं.

मुलं याला घाबरतात, पण हा खेळ आपल्या घरचाच आहे. संस्कृत शिकलेल्या कुणालाही विचारा. 'हृ' म्हणजे नेणं, घेणं. त्याला उपसर्ग लागले की आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार. उपसर्ग धातूचा अर्थ बळजबरीनं दुसरीकडे ओढून नेतो, असं एक जुना श्लोक सांगतो, आणि उदाहरणं हीच देतो. मराठीत हे काम विभक्ती आणि शब्दयोगी अव्ययं करतात. काम 'हाती' घेतो, पण कायदा 'हातात' घेतो. 'मनावर' घेणारा कामाला लागतो, 'मनाला लावून' घेणारा रुसून बसतो. आणि मुलगी आजीला 'टेक आफ्टर' करते तेव्हा आपण काय म्हणतो? आजी'वर' गेली. ती कुठेही गेलेली नसते! हे वाक्य परक्या माणसाला समजावून पाहा, म्हणजे 'टेक आफ्टर'वरचा राग जाईल.

आता पुन्हा आंब्याकडे. भावाला वाटलं, पाडणं म्हणजे झाडावरून खाली आणणं. पण मराठीच 'पाडणे' कुठे कुठे वापरते ते बघावं. भोक पाडतो, पायंडा पाडतो, कार्य पार पाडतो, जिलब्या पाडतो, एखाद्याचं टोपणनाव पाडतो. टांकसाळीत नाणी पाडतात. समोरच्यावर छाप पाडतात. फोटो ही प्रकाशाची छापच नाही का? गुजराती तर हाक 'पाडते' (बूम पाडवी), नकार 'पाडते' आणि रजासुद्धा 'पाडते'. भाचीनं तिथून फक्त संगत उचलली. 'फोटो पाडलास', 'फोटो पाडूया' हे प्रत्यय शुद्ध मराठीच आहेत. शब्द आपला, प्रत्यय आपले, जोडी शेजारची. दोन भाषा पिढ्यान् पिढ्या एका ओट्यावर बसल्या की असं होतंच, आणि मला ते मराठीचं नुकसान वाटत नाही.

हे सगळं मी भावाला कमाटीबागेतून परतताना ऐकवलं. त्याला किती पटलं ते त्याच्याजवळ. रात्री भाची फोनवर तिच्या आजीला दिवसभराचा वृत्तान्त देत होती. "आजी, मामानं माझा फोटो काढला," ती म्हणाली, "आणि मावशीनं पाडला."